खुपऱ्यांच्या पाहणींतील छायाचित्र : एक साधनविचार

लाइप्झिग विद्यापीठाच्या ग्रंथालयांत मिसर देशाचा एक प्राचीन वैद्यकग्रंथ आहे. पपायरसच्या गुंडाळीवर लिहिलेला हा ग्रंथ इ. स. पूर्वीं १५५० च्या सुमाराचा मानितात. जर्मन पंडित गेओर्ग एबर्स यांनीं तो १८७३ त लक्सोर येथें मिळविला आणि १८७५ त त्याची हुबेहूब प्रतिकृति दोन भागांत छापून प्रसिद्ध केली. पुढें दुसऱ्या महायुद्धाच्या धामधुमींत मूळ गुंडाळीचा कांहीं भाग गहाळ झाला. तेवढ्या भागापुरती १८७५ ची प्रतिकृति हीच आज मूळ प्रत होऊन बसली आहे. या ग्रंथांत नेत्ररोगांचें प्रकरण असून, पापणीचे केंस आंत वळून डोळ्यास टोंचूं लागले असतां ते उपटावे व पुन्हां उगवूं नयेत म्हणून कोणते लेप लावावे, हेंही त्यांत सांगितलें आहे. पापणीचे केंस असे आंत वळतात ते बहुधा एका जुनाट रोगाच्या अखेरीस. आपल्याकडे त्या रोगास खुपऱ्या म्हणतात, इंग्रजी वैद्यकांत ट्रॅकोमा म्हणतात.

मूळ नाहींसें व्हावें आणि नकल हेंच साधन उरावें, हा प्रसंग हस्तलिखितें जमविणाऱ्यांस नवा नाहीं. तोच प्रसंग खुपऱ्या या रोगाच्या बाबतींत आतां जिवंत पापण्यांवर येऊं घातला आहे. गांवोगांव फिरून मुलांच्या पापण्या उलटून पाहावयाच्या व त्यांवरून सबंध जिल्ह्यास औषध द्यावयाचें किंवा नाहीं हें ठरवावयाचें, अशी या रोगाच्या पाहणीची रीत आहे. पाहणाऱ्याच्या शब्दाखेरीज तींत दुसरा पुरावा बहुधा नसतो. गेल्या तीस-चाळीस वर्षांत त्या शब्दाच्या जोडीस छायाचित्र आलें. तें आल्यानें पुराव्याचें स्वरूप कसें पालटलें आणि त्या छायाचित्राचें साधन म्हणून मोल काय, एवढाच या लेखाचा विषय आहे. रोगाची चिकित्सा हा आमचा प्रांत नव्हे. पुराव्याची चिकित्सा हा मात्र आहे.

प्रथम रोगाचें स्वरूप सांगणें अवश्य आहे, कारण पुढील सर्व वाद दाण्यांच्या आकाराभोंवतीं व संख्येभोंवतीं फिरतो. क्लॅमिडिया ट्रॅकोमाटिस नांवाच्या सूक्ष्म जंतूमुळें हा रोग होतो. मुलांच्या डोळ्यांतील व नाकांतील घाण, हात, फडकीं आणि माशा यांच्या द्वारें तो पसरतो. वरच्या पापणीच्या आंतील अस्तरावर बारीक फिकट दाणे उठतात. अस्तर लाल होऊन सुजतें. लहानपणीं असें पुनःपुन्हां झालें म्हणजे दाण्यांच्या जागीं वण राहतात. वण आंखडत जातात तसतशी पापणीची कड आंत वळते व केंस बुबुळावर घांसूं लागतात. अखेर बुबुळावरील पारदर्शक पटल गढूळ होऊन दृष्टि जाते. पांच वर्षांच्या मुलाच्या पापणींतील दाण्याचें फळ चाळिशींतल्या बाईच्या डोळ्यांत दिसतें, असें हें लांबणीवर पडणारें दुखणें आहे. बायकांचा उल्लेख मुद्दाम केला. लेंकरांच्या सततच्या सहवासामुळें त्यांच्यांतच अंधत्वापर्यंत जाणारे रोगी अधिक आढळतात.

आपलें मराठी नांव खुपण्यावरून पडलें असावें असें दिसतें. ग्रीक नांवाचा अर्थ खरखरीतपणा असा आहे. म्हणजे एकानें रोग्यास काय वाटतें तें नांवांत घातलें, दुसऱ्यानें वैद्याच्या बोटास काय लागतें तें. सुश्रुतसंहितेंत याहून निराळी, पाहणाराची दृष्टि आहे. तिच्या उत्तरतंत्रांत डोळ्यांचे ७६ रोग सांगितले असून त्यांपैकीं २१ पापणीचे आहेत. त्यांत पोथकी नांवाचा एक विकार येतो : तांबड्या मोहरीसारख्या पुळ्या, स्राव, कंड, जडपणा व ठणका. पोथकीची गणना जे विकार खरवडून बरे करावयाचे त्यांत केलेली आहे. आधुनिक वैद्य पोथकी म्हणजेच खुपऱ्या असें समीकरण मांडतात. तें संभवनीय आहे. परंतु मोहरीची उपमा कितीही नेमकी असली तरी ती उपमाच. सुश्रुताच्या वैद्यानें पाहिलेली पापणी आपल्यापुढें नाहीं. तिच्याविषयींचे शब्द आहेत, आणि तेही नकलांच्या नकलांतून आलेले. मुंबईच्या निर्णयसागर छापखान्यानें १९३८ त प्रसिद्ध केलेली, यादवजी त्रिकमजी आचार्य यांनीं शोधलेली आवृत्ति आपण वापरतों. काठमांडू येथील कैसर ग्रंथालयांत मात्र या संहितेची इ. स. ८७८ ची ताडपत्री प्रत आहे, आणि तिचे पाठ छापील पाठांहून अनेक ठिकाणीं भिन्न आहेत. रोग ओळखण्याआधीं पाठ ओळखावा लागतो, तो असा.

शब्दांवर भिस्त ठेवून रोगनिदान केल्यानें काय घोटाळा होतो, याचें उत्तम उदाहरण नेपोलियनच्या मिसरवरील स्वारीचें आहे. १७९८ त ही स्वारी निघाली. तिच्यांतील व तिच्याशीं लढलेल्या इंग्रजी फौजेंतील शिपाई डोळ्यांचा भयंकर विकार घेऊन परतले, आणि युरोपांत त्यास मिसरी नेत्ररोग असें नांव पडलें. लंडन येथील मूरफील्ड्स हें प्रख्यात नेत्ररुग्णालय १८०५ त निघालें, त्याच्या मुळाशीं हीच सांथ होती. परंतु या सांथींत खुपऱ्या किती, परम्याच्या जंतूनें आलेले डोळे किती आणि इतर किती, याची वांटणी आज कोणासही नक्की करतां येत नाहीं. लष्करी वैद्यांचीं वर्णनें विपुल आहेत, पण एकाच शब्दांत दोन-तीन रोग कोंबलेले आहेत. छायाचित्रणाची कला जगापुढें आली १८३९ त. चाळीस वर्षें आधीं आली असती, तर हा वाद एका संदुकींतल्या चित्रांवरून मिटला असता.

कला आल्यावरही ती पापणीच्या आंतल्या बाजूस पोंचण्यास फार वेळ लागला. इंग्रज नेत्रवैद्य आर्थर फर्ग्युसन मॅकॅलन १९०३ त मिसर देशांत गेले. सर अर्नेस्ट कॅसेल यांच्या देणगींतून तंबूंचीं फिरतीं नेत्ररुग्णालयें त्यांनीं उभीं केलीं आणि हजारों डोळे पाहून १९०८ त रोगाच्या चार अवस्था ठरविल्या : दाणे कोवळे, दाणे पिकलेले, वण धरूं लागलेले, आणि वण पुरे होऊन रोग शमलेला. ही वर्गवारी इतकी रुजली कीं, जागतिक आरोग्य संघटनेच्या तज्ज्ञ समितीनें १९५२ त तीच उचलली. ती होती मात्र शब्दांची. कोवळा दाणा कोठें संपतो व पिकलेला कोठें सुरू होतो, हें मॅकॅलन यांच्या शेजारीं उभें राहून शिकलेल्यास कळे. पुस्तक वाचून शिकलेल्यास कळेच असें नाहीं. गुरुमुखाची विद्या होती ती.

त्याच सुमारास न्यूयॉर्कच्या बंदरांत या विद्येचा एक निष्ठुर उपयोग चालू होता. अमेरिकेनें १८९७ त खुपऱ्यांची गणना धोक्याच्या सांसर्गिक रोगांत केली. एलिस बेटावर उतरणाऱ्या परदेशी लोकांच्या पापण्या डॉक्टर बोटांनीं, कधीं बुटाच्या गुंड्या अडकविण्याच्या आंकड्यानें, उलटून पाहत. संशय आला म्हणजे कोटावर खडूनें अक्षर काढीत. ज्याच्या अंगावर तें अक्षर टिकलें त्याची बहुधा परत रवानगी होई, मग बायकामुलें पुढें शहरांत गेलेलीं असोत. त्या तपासणीचीं छायाचित्रें आजही पुस्तकांतून छापली जातात. त्यांत डॉक्टर दिसतो, टोपी दिसते, भेदरलेला मनुष्य दिसतो. पापणीच्या आंत काय होतें तें दिसत नाहीं. निर्णय खडूनें लिहिला व ब्रशानें पुसला गेला. फेरतपासणीस आधार म्हणून कांहींच मागें राहिलें नाहीं.

रोगाचें कारण सांपडल्यानें हा प्रश्न सुटला असेल असें कोणास वाटेल. तसें झालें नाहीं. १९०७ त हाल्बरश्टेटर व प्रोवाझेक या दोघांनीं जावा बेटावर रोगी डोळ्यांतील खरवड ओरांगउटानच्या डोळ्यांत घालून पेशींतले विशिष्ट कण दाखविले. पुढें १९५७ त चिनी शास्त्रज्ञ टांग फेइफान व त्यांचे सहकारी यांनीं कोंबडीच्या अंड्यांत हा जंतु वाढविल्याचें प्रसिद्ध केलें. तरीही खेडोपाडीं फिरणाऱ्या पाहणीच्या हातीं प्रयोगशाळा देणें खर्चाचें व अवघडच राहिलें. जंतु कळला, पण गांव मोजावयाचें तें डोळ्यांनींच.

म्हणून १९८७ सालचें एक लहानसें टिपण आमच्या मतें या इतिहासांत फार महत्त्वाचें आहे. थायलेफोर्स, डॉसन, जोन्स, वेस्ट व टेलर या पांच जणांनीं जागतिक आरोग्य संघटनेच्या पत्रिकेंत तें प्रसिद्ध केलें. नेत्रवैद्य नसलेल्या माणसासही शिकवितां येईल अशी सोपी प्रतवारी त्यांनीं बसविली. तिच्यांत पांचच चिन्हें. पैकीं पहिलें असें कीं, वरच्या पापणीच्या अस्तराच्या मधल्या भागावर निदान अर्धा मिलिमीटर व्यासाचे पांच किंवा अधिक दाणे असावे. दुसरें, अस्तर इतकें सुजलेलें असावें कीं खोल रक्तवाहिन्यांपैकीं अर्ध्याहून अधिक झांकून जाव्या. तिसरें वण, चौथें केंसांचें घांसणें, पांचवें बुबुळाचा गढूळपणा. कोवळा व पिकलेला असे शब्द जाऊन तेथें पांच, अर्धा मिलिमीटर, निम्म्याहून अधिक असे आंकडे आले. शिवाय प्रत्येक चिन्हाचें छायाचित्र जोडलें गेलें. हीं चित्रें केवळ शोभेचीं नव्हेत. शब्दांनीं सांगितलेली मर्यादा डोळ्यास कशी दिसते तें दाखविणारा तो नमुना आहे. त्या चित्रांचे तक्ते परीक्षकांच्या पिशवींतून गांवोगांव फिरले. व्याख्येइतकाच चित्राचाही अधिकार मानला जावा, असें या रोगाच्या बाबतींत येथें झालें.

आतां पाहणी प्रत्यक्ष कशी होते तें पाहूं. साधारण एक ते अडीच लक्ष वस्तीचा एक विभाग धरितात. त्यांतून चिठ्ठ्या टाकून वीस-तीस वस्त्या निवडितात व प्रत्येक वस्तींतून कांहीं घरें. परीक्षक अडीचपट मोठें दाखविणारें दोन भिंगांचें चष्मेवजा साधन लावून प्रत्येकाची पापणी उलटतो, उन्हांत किंवा विजेरीच्या उजेडांत क्षणभर निरखितो आणि ‘आहे’ अगर ‘नाहीं’ एवढेंच सांगतो. लेखनिक तें नोंदवितो. मूल रडत असतें, आई घाबरलेली असते, आणखी चाळीस घरें पाहावयाचीं असतात. १ ते ९ वर्षांच्या मुलांत पहिलें चिन्ह शेंकडा ५ च्या खालीं आढळलें तर सार्वत्रिक औषधवांटपाची जरूरी नाहीं असें मानितात. वर आढळलें तर सबंध विभागास ॲझिथ्रोमायसीन वांटावयाचें, आणि प्रमाण चढेल तसतशीं वांटपाचीं वर्षेंही चढतात. म्हणजे एखाद्या परीक्षकाची नजर थोडी सैल किंवा थोडी कडक असली तर लक्षावधि माणसांस औषध विनाकारण मिळेल, अथवा जरूर असून मिळणार नाहीं.

नजर जुळविण्यासाठीं परीक्षेची सोय आहे. उमेदवारानें व गुरूनें तींच पन्नास मुलें स्वतंत्रपणें पाहावयाचीं, आणि दोघांचें जुळणें योगायोगाहून किती अधिक आहे हें कप्पा नांवाच्या मापानें काढावयाचें. पूर्ण जुळलें तर १, निदान ०.७ आल्याशिवाय उमेदवार पाहणीस घेत नाहींत. डिसेंबर २०१२ ते जानेवारी २०१६ या काळांत अशा रीतीनें २९ देशांतून सुमारें २६ लक्ष माणसें तपासलीं गेलीं. एकाच सांसर्गिक रोगासाठीं एवढी मोठी पाहणी पूर्वीं झालेली नव्हती. गंमत अशी कीं, या पाहणींत लेखनिकाच्या हातांत स्मार्टफोन होता, पण तो आंकडे भरण्यासाठीं. पापणीचें छायाचित्र घेण्याचा नेम नव्हता. २६ लक्ष डोळस साक्षी झाल्या आणि उरल्या त्या ‘आहे’-‘नाहीं’ एवढ्याच.

छायाचित्रावरून प्रतवारी करतां येईल काय, हा विचार यापूर्वींच सुरू झाला होता. टांझानिया देशांत अनेक वर्षें काम केलेले वेस्ट व टेलर यांनीं १९९० त या रीतीच्या विश्वसनीयतेवर एक निबंध लिहिला. पुढें इथिओपियांतील अम्हारा प्रांतांत २००६ पासून व नंतर नायजर वगैरे देशांत औषधवांटपाचे मोठे प्रयोग झाले, तेव्हां भिंगांनीं पाहून केलेल्या नोंदीबरोबर उलटलेल्या पापणीचें छायाचित्रही घेण्यांत येऊं लागलें. त्यासाठीं जवळच्या बारीक वस्तु टिपणारें १०५ मिलिमीटरचें भिंग बसविलेला कॅमेरा वापरीत. या छायाचित्रांचा खरा लाभ तीं दूरच्या शहरांत दुसऱ्या परीक्षकापुढें ठेवितां येतात, यांत आहे. चित्र कोणत्या गांवचें, तेथें औषध वांटलें होतें कीं नाहीं, घेतलें केव्हां, यांतील कांहींही त्या परीक्षकास सांगत नाहींत. गांवांत उभा असलेल्या परीक्षकास हें सर्व ठाऊक असतें. औषध पोंचलेल्या गांवीं रोग कमी झाला असेल अशी त्याच्या मनाची ओढ, नकळत कां होईना, असणारच. मोडी कागद वाचतांना पुढें काय यावयाचें तें आधींच ठाऊक असलेला वाचक तेंच अक्षर वाचतो, हा आपला नित्याचा अनुभव आहे. कागदाचा संदर्भ झांकून दुसऱ्याकडून वाचविण्याची ही युक्ति आपणही अधिक वेळां वापरण्याजोगी आहे.

परंतु छायाचित्राच्या बाजूनें एवढें बोलल्यावर त्याचे दोषही स्पष्ट सांगितले पाहिजेत. नाहीं तर नव्या वस्तूच्या भक्तीनें जुन्या साक्षीवर अन्याय होईल. पापणीचें अस्तर ओलें असतें. त्यावर कॅमेऱ्याचा झोत पडला म्हणजे पांढरे ठिपके चमकतात, व हे ठिपके नवशिक्यास दाण्यांसारखे भासतात. उलटलेली पापणी वांकडी असते. मधला भाग स्पष्ट आला तर कडा पुसट येतात. अर्धा मिलिमीटर मोजावयाचा तर चित्राचें प्रमाण ठाऊक हवें, आणि मूल हललें कीं प्रमाण गेलेंच. सर्वांत मोठी उणीव खोलीची. दोन्ही डोळ्यांनीं भिंगांतून पाहणारास दाण्याचा उंचवटा कळतो. तो मान किंचित् कलती करून, बोटानें पापणी थोडी सरकवून खात्री करून घेतो. चित्रास मान कलती करतां येत नाहीं. केंसांचें घांसणें तर एका चित्रांत सुटून जाण्याचा संभव फारच. जुन्या कागदाच्या फोटोवरून पाठ लावणारांस हा अनुभव आहे : मागच्या बाजूची शाई झिरपून पुढें आली म्हणजे फोटोंत ती अक्षरासारखीच काळी दिसते, आणि कागद उजेडापुढें धरल्याशिवाय भेद कळत नाहीं.

मग साक्ष मोठी कीं चित्र मोठें? आम्हांस वाटतें, हा प्रश्न एका प्रसंगानें बराच उलगडतो. १९८७ च्या व्याख्येंत केंस घांसण्याच्या चिन्हासंबंधीं वरच्या व खालच्या पापणीचा भेद केलेला नव्हता. २०१८ सालच्या एका शास्त्रीय परिषदेंत तो करण्याचें ठरलें, आणि २०२० त सुधारलेली प्रतवारी प्रसिद्ध झाली. आतां हें चिन्ह वरच्याच पापणीपुरतें धरितात. व्याख्या पालटली, म्हणजे पाठच पालटला. जुन्या पाहण्यांच्या वह्यांत जेथें केवळ ‘आहे’ एवढेंच लिहिलें आहे, तेथें वरची पापणी कीं खालची, हें आतां कोण सांगणार? परीक्षकास आठवणार नाहीं. रोगी कोठें असेल कोण जाणे. छायाचित्र असेल तर मात्र तें अपुरें असलें तरी नव्या व्याख्येनें पुन्हां वाचितां येतें. नोंद ही निर्णय आहे. चित्र हें ज्यावरून निर्णय झाला त्याचा, सदोष कां होईना, अवशेष आहे. निवाड्याची प्रत हातीं असणें व त्या खटल्यांतील मूळ कागद हातीं असणें, यांत जें अंतर तेंच येथें आहे.

चित्रानें रूप कळतें, कारण कळत नाहीं, हीही मर्यादा विसरतां कामा नये. पॅसिफिक महासागरांतील सॉलोमन बेटांवर मुलांच्या पापण्यांत दाणे पुष्कळ आढळले. व्याख्येप्रमाणें तो विभाग औषधवांटपास पात्र होता. पण २०१६ त प्रसिद्ध झालेल्या एका शोधांत डोळ्यांतील पाझर तपासला, तेव्हां खुपऱ्यांचा जंतु फारच थोड्या मुलांत निघाला. दाणे खरे होते, मोजणी बरोबर होती. फक्त ते त्या जंतूचे होते असें दिसेना. अस्सल शिक्क्याचा ठसा असलेला कागदही बनावट निघूं शकतो, हें आपण जाणतों. शिक्का नीट वाचल्याबद्दल वाचणारास दोष देतां येत नाहीं.

हिंदुस्थानची हकीकत येथें थोडक्यांत देतों. भारत सरकारनें जागतिक आरोग्य संघटना व युनिसेफ यांच्या मदतीनें १९५६ त अलीगढ येथें प्रायोगिक योजना सुरू केली, व १९६३ त राष्ट्रीय नियंत्रण योजना निघाली. त्या काळीं पंजाब, राजस्थान, उत्तर प्रदेश, गुजरात या कोरड्या, धुळीच्या प्रदेशांत निम्म्याहून अधिक लोकांस हा रोग असे. पुढें पाणी, औषधें व राहणी यांत सुधारणा होऊन तो इतका मागें हटला कीं नव्या पिढीच्या डॉक्टरांस तो पाहावयास मिळेनासा झाला. नेमक्या याच वेळीं, २०१० त, कार निकोबार बेटावर तपासणी झाली, तेव्हां १ ते ९ वर्षांच्या मुलांपैकीं निम्म्याहून अधिक मुलांत जागृत रोग निघाला. तीन वर्षें ओळीनें औषध वांटल्यावर तो पुष्कळ उतरला. २०१४ ते २०१७ मधील राष्ट्रीय पाहणींत मुलांतील प्रमाण शेंकडा ०.७ इतकें आढळलें. ८ डिसेंबर २०१७ रोजीं सरकारनें देश सांसर्गिक खुपऱ्यांपासून मुक्त झाल्याचें जाहीर केलें, आणि ऑक्टोबर २०२४ मध्यें जागतिक आरोग्य संघटनेनें सार्वजनिक आरोग्याचा प्रश्न म्हणून हा रोग येथून हटल्याचें मान्य केलें. आग्नेय आशियाच्या तिच्या विभागांत नेपाळ व म्यानमार यांच्या मागून हा मान मिळविणारा भारत तिसरा देश होय.

ही आनंदाची वार्ता आहे. परंतु तिच्या पोटांत एक अडचण आहे, व तिच्यासाठींच आम्हीं हा लेख लिहावयास घेतला. रोग गेला तरी नजर ठेवावी लागते; निकोबारनें तें शिकविलेंच आहे. नजर कोण ठेवणार? ज्यानें खऱ्या खुपऱ्या कधीं पाहिल्याच नाहींत तो. परीक्षा घ्यावी तर तींत दाणे असलेलीं मुलें हवींत, आणि तीं तर सुदैवानें मिळत नाहींत. उमेदवारांस रोग शिल्लक असलेल्या परक्या देशांत नेऊन शिकविण्याची पाळी येते. मॅकॅलन यांच्या तंबूंत गुरुमुखानें आलेली विद्या रोग्यांच्या अभावीं खंडित होते. मोडी लिहिणारे संपले व वाचणारे थोडे उरले, तशीच ही गत आहे. फरक एवढाच कीं, न वाचलेला कागद दप्तरांत पडून राहतो, न ओळखलेला रोग पसरतो. अशा वेळीं पूर्वीं घेतलेलीं छायाचित्रें हींच शिक्षणाचीं साधनें उरतात.

अलीकडे स्मार्टफोननें घेतलेलीं चित्रें या कामास पुरतील काय, आणि संगणकास शिकवून त्याच्याकडून प्रतवारी करवितां येईल काय, यावर २०१९ पासून बरेच निबंध आले आहेत. यंत्रास थकवा नाहीं व तें वर्षावर्षांनीं आपली नजर पालटीत नाहीं, हें खरें. तथापि यंत्र शिकतें तें माणसांनीं आधीं प्रतवारी केलेल्या चित्रांवरून. त्या माणसानें झोताच्या चमकीस दाणा म्हटलें असेल, तर यंत्रही तसेंच म्हणेल, आणि तें हजार वेळां एकाच ठामपणानें म्हणेल. पहिल्या लेखकाची चूक पुढील सर्व नकलांत जशीच्या तशी उतरते, तेव्हां नकलांची संख्या हा पुरावा होत नाहीं. हा नियम यंत्रासही लागू करावयास हरकत नाहीं. म्हणून मूळ चित्र, पहिल्या परीक्षकाचें मत, दुसऱ्याचें मत व मतभेद असल्यास तिसऱ्याचा निर्णय, हीं सर्व वेगवेगळीं राखलीं पाहिजेत. शेवटचा आंकडा ठेवून बाकीचें टाकून देणें म्हणजे पाठभेद खोडून संहिता छापण्यासारखें आहे.

चित्राबरोबर काय लिहिलेलें असावें, याचाही निर्णय होणें जरूर आहे. मुलाचें नांव नको, चेहरा नको, पापणी पुरे. पण वय, दिनांक, पाहणीचा विभाग, डोळा उजवा कीं डावा, कॅमेऱ्याचें भिंग, चित्रांतील लांबीचें प्रमाण आणि प्रतवारी १९८७ च्या व्याख्येनें केली कीं २०२० च्या, एवढें चित्रापासून वेगळें न होईल अशा रीतीनें नोंदलेलें हवें. निनावी, बेतारखी पापणी ही बेतारखी सनदेसारखीच. पाहावयास सुरेख, पण पुराव्यास लंगडी.

आपल्याकडील १९५६ नंतरच्या पाहण्यांत काम केलेल्या डॉक्टरांच्या व कार्यकर्त्यांच्या घरीं रंगीत पारदर्शिका, छापील तक्ते, पाहणीच्या वह्या किंवा मुलांच्या पापण्यांचीं हातानें काढलेलीं चित्रें अद्याप असण्याचा संभव आहे. घर आवरतांना असल्या वस्तु प्रथम टाकिल्या जातात, कारण त्यांत राजाचें नांव नसतें व शिक्काही नसतो. ज्या संग्राहकांच्या हातीं त्या येतील, त्यांनीं पारदर्शिका ओलाव्यापासून दूर, कोरड्या डब्यांत ठेवाव्या, चौकटीवरील पेन्सिलीचा मजकूर पुसूं देऊं नये, आणि वही व चित्रें एकाच घरांतून आलीं असल्यास तीं एकमेकांपासून तोडूं नयेत.